एमपॉक्सशी माकडांचा संबंध किती?

१४ ऑगस्ट २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने एमपॉक्स या अंगावर फोड आणणाऱ्या विषाणूजन्य रोगाची आणीबाणी जाहीर केली, तेव्हा गणपती साडेतीन आठवड्यांवर आले होते. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गहून काकीचा फोन आला. "मगे तो माकडतापच ना रे? माटवीचां सामान हाडूक रानात जावचां काय नाय?" (माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानातल्या पानाफळांची सजावट.) तिची भीती अनाठायी नव्हती. २०१६ पासून त्या पट्ट्यात माकडतापाने माणसं दगावली आहेत. त्यात एमपॉक्सचं जुनं नाव मंकीपॉक्स, मग घोटाळा होणारच.

पण हे दोन वेगळे रोग. माकडतापाचा विषाणू आरएनएचा, म्हणजे त्याचा आनुवंशिक मजकूर आरएनए या रेणूत लिहिलेला. तो गोचिडीच्या चाव्यातून येतो, माणसाकडून माणसाला लागत नाही, आणि त्याचा मोसम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा हंगाम धरून. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो शोधून काढला. पुढच्याच वर्षी कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत ठेवलेल्या माकडांच्या अंगावर फोड आले. तिथे सापडलेल्या विषाणूला मंकीपॉक्स हे नाव चिकटलं. तो डीएनएचा, देवीच्या विषाणूच्या भावकीतला. त्याचं मूळ घर माकडं नसून आफ्रिकेतल्या खारी-उंदरांसारखे प्राणी असावेत, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

मग आज तो पसरतो कुणाकडून? उत्तर त्याच्या डीएनएतच लिहिलेलं सापडलं. या रोगाबद्दल वाचताना मी सर्वांत जास्त रमलो तो इथे.

डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांची माळ. या विषाणूची माळ सुमारे १,९७,००० अक्षरांची. नक्कल करताना तो चुका दुरुस्त करत जातो, त्यामुळे वर्षाला एखाद-दुसरंच अक्षर बदलायला हवं. पण २०२२ च्या साथीतला विषाणू २०१८ च्या सुमाराच्या नमुन्यांशी ताडला, तेव्हा जवळपास ५० अक्षरं बदललेली निघाली. तीही वाटेल तिथे नव्हेत. बहुतेक ठिकाणी 'टीसी' या जोडीतल्या 'सी'चा 'टी' झाला होता.

हे काम आपल्या पेशींचं. अपोबेक-३ नावाची एन्झाइमं, म्हणजे पेशीत रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, घुसखोराचा मजकूर बिघडवतात. माणसात त्यांचे सात प्रकार आहेत, उंदरात एकच. डीएनएची माळ दुपदरी, 'सी'समोर 'जी' आणि 'टी'समोर 'ए' अशी; नक्कल होताना ती उसवते आणि पदर क्षणभर उघडा पडतो. तेवढ्यात एन्झाइम 'सी'वरचा अमिनो गट काढून टाकतं. उरतो 'यू', जे अक्षर डीएनएत असायलाच नको. पुढची नक्कल होताना 'यू' हा 'टी' म्हणून वाचला जातो, त्याच्यासमोर 'जी'ऐवजी 'ए' बसतो आणि बदल कायमचा होतो. हेच समोरच्या पदरावर घडलं, तर आपल्याला 'जीए'चा 'एए' झालेला दिसतो. असे घाव फार झाले तर विषाणू निकामी. थोडक्यात निभावलेला मात्र वण घेऊन पुढच्या माणसाकडे जातो. प्राण्यांतच फिरणाऱ्या विषाणूत हे वण फार कमी. म्हणून वण मोजले की तो माणसांत किती वर्षं आहे याचा हिशेब लागतो. वर्षाला साधारण सहा या वेगाने मागे गेलं की आपण २०१६ च्या आसपास पोचतो! जगभर बोंब झाली २०२२ मध्ये, पण माणसाकडून माणसाकडे त्याचा प्रवास आधीच सुरू झाला होता.

तेव्हा बागेत येणाऱ्या माकडांना घाबरू नये. हा रोग अंगाला अंग लागून, फोडांतल्या पाण्यातून, एकच टॉवेल-चादर वापरल्याने लागतो. २०२२ च्या साथीत लैंगिक संबंध हा सर्वांत मोठा मार्ग होता, हे संकोच न करता सांगायला हवं. भारतातला पहिला रुग्ण जुलै २०२२ मध्ये केरळात सापडला, आखातातून परतलेला. संसर्गानंतर ३ ते २१ दिवसांत ताप, अंगदुखी, काखेत-जांघेत सुजलेल्या गाठी आणि पुरळ. कांजिण्यांत गाठी सहसा येत नाहीत आणि नवे-जुने फोड एकत्र दिसतात. एमपॉक्समध्ये एका भागातले फोड बहुधा एकाच टप्प्यावर असतात, तळहात-तळव्यांवरही येतात. पण नुसत्या नजरेने खात्री होत नाही, फोडातला नमुना पीसीआरसाठी द्यावा लागतो.

आपल्याकडे अंगावर फोड आले की 'देवी आली' म्हणून औषध थांबवतात, देवळात कौल लावतात. श्रद्धेला माझी ना नाही, पण कौलाची वाट पाहत रुग्णाला भरल्या घरात मुलांशेजारी झोपवणं घातक आहे. खपल्या पडून खाली नवी कातडी येईपर्यंत, साधारण दोन ते चार आठवडे, त्याने वेगळं राहायला हवं.

बहुतेक जण तापाचं औषध, भरपूर पाणी आणि जखमांची स्वच्छता एवढ्यावर बरे होतात. लहान मुलं, गरोदर बायका, एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण आणि डोळ्याजवळचे फोड यांत दवाखाना गाठायला उशीर नको. टेकोविरिमॅट या औषधाचा गाजावाजा झाला, पण काँगोतल्या चाचणीत त्याने फोड लवकर बरे झाले नाहीत. लस मात्र आहे, चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मुख्यतः जोखमीतल्या लोकांसाठी.

काकीला म्हटलं, माटवीला खुशाल जा. तिच्या दंडावर देवीच्या टोचणीचा वण आहे. दोन्ही विषाणू भावकीतले असल्याने त्या लसीचं थोडं संरक्षण तिच्यात अजून उरलेलं असू शकतं. गणपतीला दुबईहून येणारा तिचा मुलगा १९८५ चा, देवीची टोचणी बंद झाल्यानंतरचा. त्याच्या दंडावरही वण आहे, पण तो क्षयाच्या बीसीजी लसीचा, आणि एमपॉक्सपासून तो वाचवत नाही.