सायकलींची वाट: रेबेका रशच्या हो ची मिन्ह ट्रेलवरील प्रवासाची पार्श्वभूमी

अमेरिकन माउंटन बायकर रेबेका रश हिने २०१५ साली व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया या तीन देशांतून जाणारा सुमारे १,९०० किलोमीटरचा हो ची मिन्ह ट्रेल, म्हणजे व्हिएतनाम युद्धात उत्तरेची रसद दक्षिणेकडे नेणारी वाट, सायकलवरून पार केला. सोबत होती व्हिएतनामची अव्वल सायकलपटू हुयेन न्गुयेन. रश चोवीस तासांच्या एकेरी शर्यतीतली जगज्जेती. कोलोरॅडोतली लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत तिने २००९ ते २०१२ अशी सलग चार वर्षं जिंकलेली. अवघड वाटा तिला नव्या नव्हत्या. या वाटेवर मात्र ती वडिलांच्या शोधात निघाली होती. तिच्या प्रवासाच्या बातम्यांत हे आवर्जून येतं. ही वाट मुळात सायकलींनीच मळलेली आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

त्यासाठी १९५४ च्या दिएन बिएन फूच्या लढाईपर्यंत मागे जावं लागतं, जिथे व्हिएतनामींनी फ्रेंच सैन्याला वेढलं होतं. डोंगर-जंगलातून वेढा घालण्याइतकी रसद आणणं व्हिएतनामींना जमणार नाही, असा फ्रेंच सेनानींचा हिशेब होता. रसद आली, आणि तिच्यात हजारो सायकलींचा मोठा वाटा होता. त्यांतल्या कित्येक तर फ्रेंच बनावटीच्या प्यूजो होत्या! या सायकलवर कुणी बसत नसे. हँडलला लांब बांबू बांधायचा, म्हणजे बाजूने चालत ती वळवता येते. सीटच्या नळीत दुसरा दांडा उभा खोचायचा, ढकलायला आणि तोल सावरायला. सांगाड्याला जादा आधार द्यायचा आणि दोन्ही अंगांना तांदळाची पोती लटकवायची. अशी एक सायकल दोनशे किलो आणि त्याहूनही जास्त ओझं वाहून न्यायची. माणसाच्या पाठीवर एवढं ओझं येणं शक्यच नव्हतं.

मे १९५९ मध्ये उत्तर व्हिएतनामने दक्षिणेकडे माणसं आणि शस्त्रं पोचवण्यासाठी ‘गट ५५९’ उभारला. आकड्यात महिना आणि वर्ष दोन्ही आहेत. त्रुओंग सोन डोंगररांगेच्या कुशीतून लाओसमार्गे जाणारी वाट सुरुवातीला पाठीवरची ओझी आणि सायकली यांच्यावरच चालली, ट्रक नंतर आले. वाट म्हणायचं, पण प्रत्यक्षात ते पायवाटा, रस्ते आणि नदीमार्गांचं जाळं होतं. एक तुकडा उडवला की शेजारून दुसरा निघायचा.

ती तोडायला अमेरिकेने काय काय केलं! १९६७ ते १९७२ या काळात ढगांवर रसायनं फवारून पावसाळा लांबवण्याचा प्रयत्न झाला, रस्ते चिखलात रुतावेत म्हणून. १९६७ मध्येच पत्रकार हॅरिसन सॉल्झबरी यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की सायकली नसत्या तर उत्तर व्हिएतनामला युद्धातून माघार घ्यावी लागली असती. त्यावर सिनेटर फुलब्राइट यांनी विचारलं की मग पुलांऐवजी सायकलींवरच बॉम्ब का टाकत नाही? त्यांचा रोख लष्कराच्या धोरणावर होता आणि तो रास्त होता, असं मला वाटतं.

१९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत एकट्या लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले. त्यांत क्लस्टर बॉम्बमधले सुमारे २७ कोटी छोटे गोळे होते आणि त्यांतले तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. ते शेतात, ओढ्यात, बांबूच्या बनात राहिले. चेंडूएवढा गोळा पोरं खेळायला उचलतात, नांगराचा फाळ त्यावर आदळतो. युद्ध संपल्यानंतरही हजारो लाओ माणसं त्यांनी मारली किंवा अपंग केली.

याच बॉम्बफेकीत रेबेकाचे वडील, अमेरिकी हवाई दलातले स्टीफन रश, सामील होते. ७ मार्च १९७२ रोजी त्यांचं एफ-४ फँटम विमान लाओसच्या सलावान प्रांतात पडलं. रेबेका तेव्हा तीन वर्षांची होती. पुढे २००७ मध्ये त्यांच्या अवशेषांची ओळख पटली आणि आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत दफन झालं. तरी विमान पडलं ती जागा रेबेकाने पाहिली नव्हती.

प्रवास खडतर होता. लाओसमध्ये चुनखडीच्या डोंगराखालून वाहणाऱ्या से बांग फाई नदीच्या गुहेतून दोघींनी सायकली हवेच्या होड्यांवर लादून नेल्या. जंगलात मळलेली वाट सोडणं धोक्याचं होतं, कारण जमिनीखाली न फुटलेला दारूगोळा. शेवटी विमान पडलं त्या गावात ती पोचली, तेव्हा गावच्या प्रमुखाने तिला जागा दाखवली. त्याच्या वडिलांनीच विमानातल्या मृतांना तिथे पुरलं होतं. ज्यांच्यावर वरून बॉम्ब पडत होते, त्यांनी ही माणुसकी दाखवली. मला या सगळ्या इतिहासात याहून मोठं काही दिसत नाही. हुयेनने युद्धाच्या दुसऱ्या बाजूच्या देशातून येऊन तिला इथवर साथ दिली, हेही तितकंच महत्त्वाचं.

वडील घरी पाठवलेल्या पत्रांखाली ‘बी गुड’ असं लिहीत. रेबेकाने त्याच नावाने संस्था काढली आणि लाओसमध्ये दारूगोळा निकामी करणाऱ्या ‘मॅग’ या संघटनेसाठी निधी उभारायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१६ मध्ये लाओसला भेट देणारे पहिले विद्यमान अमेरिकी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी या कामासाठी तीन वर्षांत नऊ कोटी डॉलर जाहीर केले. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार २०१० पासून लागू आहे. लाओस त्यात आहे, अमेरिकेने अजून सही केलेली नाही.