‘हाड’च्या आधी ‘ये’

कुत्र्याशी बोलायला आपल्याकडे तीन शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. उरलंसुरलं घालताना ‘यू यू’, बागेत माकडं उतरली की ‘छू’ आणि बाकी दिवसभर ‘हाड’. घरात आलेलं पिल्लू यातला ‘हाड’ सगळ्यांत आधी शिकतं, कारण तोच सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडतो.

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत तांबू आली ती दोन महिन्यांची, गावठी, जांभ्याच्या रंगाची. तिला एकच गोष्ट पक्की शिकवायची असं मी ठरवलं: हाक मारली की यायचं. बसणं, पंजा देणं, चेंडू आणणं हे सगळं नंतर. कोकणात कुत्रा चोवीस तास बांधलेला क्वचितच असतो आणि तसा असूही नये. तो माडा-पोफळीच्या आगरात, दगडी पाखाडीवर, समुद्राच्या पुळणीवर हिंडतो. दगडी गडग्यात विषारी फुरसं असतं, वळणावरून एसटी येते, शेजारच्या कोंबड्या असतात. अशा वेळी त्याला मागे वळवायला आपल्या आवाजाशिवाय आपल्याजवळ काहीच नसतं.

हा आवाज कुत्र्याच्या डोक्यात पक्का कसा होतो? एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांना आतून उघडता येणाऱ्या पेट्यांत ठेवून पाहिलं. आधी मांजर नुसती धडपड करी. कधीतरी चुकून खिटी सरके, दार उघडे आणि बाहेर ठेवलेलं खाणं मिळे. पुढच्या खेपांना खिटीची हालचाल लवकर होऊ लागली आणि बाकीची धडपड गळून पडली. ज्या कृतीमागोमाग काही चांगलं घडतं, ती कृती पुन्हा केली जाते. यातला ‘मागोमाग’ हा शब्द महत्त्वाचा. कुत्र्यासाठी मागोमाग म्हणजे एखाद-दुसरा सेकंद. पिल्लू बसलं, आपण आत जाऊन डबा उघडून काहीतरी आणलं, तोवर ते उठून उभं राहिलेलं असतं. मग बक्षीस मिळतं ते उभं राहण्याला.

म्हणून खाऊ खिशात हवा. उकडलेल्या अंड्याचा नाहीतर बिनमिठाच्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुरतो. आणि खाऊच्या आधी, नेमक्या क्षणाला, एक ठरावीक शब्द म्हणायचा. आमचा शब्द ‘शाब्बास’. इव्हान पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांना अन्नाआधीच्या खुणेनेच लाळ सुटू लागली होती. तसाच ‘शाब्बास’ काही दिवसांत खाण्याइतका गोड होतो, आणि तो वीस पावलांवरूनही वेळेत पोचवता येतो.

शिक्षेलाही हाच सेकंदाचा नियम लागू आहे आणि तिथेच बहुतेक घरांत गाडी अडते. दुपारी चप्पल फाडलेली असते, ओरडा संध्याकाळी मिळतो. ‘त्याला बरोबर कळतं, बघा कसे कान पाडून बसलाय,’ असं आपण म्हणतो. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासलं. मालक बिस्किट खाऊ नको असं सांगून खोलीबाहेर जाई. परतल्यावर त्याला कधी खरं, कधी खोटं सांगितलं जाई की कुत्र्याने ते खाल्लं. कुत्र्याचा अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर, मग त्याने खाल्लं असो वा नसो. उलट, काहीच न करता बोलणी खाणारे कुत्रे जास्त अपराधी दिसले. पाडलेले कान म्हणजे कबुली नव्हे. समोरचं माणूस चिडलं आहे, ते शांत व्हावं, एवढंच ते कान सांगतात.

मी स्वतः यात चुकलो आहे. तांबू पाच महिन्यांची असताना शेजारच्या कोंबड्यांमागे लागली. मी हाक मारली, ती कोंबड्या सोडून धावत आली, आणि मी तिला दोन सणसणीत चापट्या दिल्या. माझ्या मनात शिक्षा कोंबड्यांमागे लागण्याची होती. तिच्या लेखी ती येण्याची होती. पुढचे पंधरा दिवस ती हाकेला दहा पावलांवर थांबून बघत राही. तो विश्वास परत मिळवायला मला अख्खा श्रावण लागला. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: रागावायला, औषध द्यायला किंवा बांधायला कुत्र्याला हाक मारायची नाही, आपण उठून त्याच्याजवळ जायचं.

शिकवायची रीत साधी आहे. खळ्यात, दोन पावलांवरून, तो आपल्याकडे बघत असताना हाक द्या. आला की शाब्बास, खाऊ, आणि लगेच पुन्हा मोकळा सोडा. आलं की खेळ संपतो असं त्याला वाटता कामा नये. मग अंतर वाढवा, मग आगरात, मग पुळणीवर लांब सुती दोरी लावून. हाक एकदाच द्या. दहादा ओरडलेला शब्द त्याच्यासाठी वाऱ्यासारखा होतो. पाच मिनिटांचे तीन धडे एका तासाच्या धड्यापेक्षा कितीतरी चांगले. आणि शब्द घरातल्या सगळ्यांचा एकच असू दे. आजीचं ‘यू यू’, मुलांचं ‘कम’ आणि आपलं ‘ये’ यात पिल्लू गोंधळतं.

हाक पक्की झाली की खाऊ दर वेळी नको, अधूनमधून द्या. कधी मिळेल याचा भरवसा नसला की कुत्रा जास्त नेटाने येतो. ताटाजवळ लोचटपणा करणारा कुत्रा हेच तत्त्व आपल्याकडून शिकलेला असतो. नऊ दिवस ‘हाड’ म्हणून दहाव्या दिवशी बांगड्याचं डोकं टाकलं, की ती सवय दगडासारखी घट्ट होते. मोडायची तर एकदाही द्यायचं नाही. सुरुवातीला तो आणखी जोराने भुंकेल. तेवढे दिवस सगळ्या घराने तग धरायला हवा.

गावठी कुत्र्याला काही शिकवता येत नाही, हा समज मला फार खटकतो. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी आपल्या रस्त्यांवरच्याच कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी २०२० मध्ये दाखवलं की माणसाने बोटाने दाखवलेलं भांडं कुठलं, हे अनोळखी भटक्या कुत्र्यांनाही कळतं. जे कुत्रे जवळ आले, त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी बोट बरोबर ओळखलं. आणि २०१७ च्या त्यांच्याच अभ्यासात, अनोळखी माणसावर विश्वास बसायला खाण्यापेक्षा डोक्यावरून फिरलेला हात जास्त उपयोगी ठरला.

तो हात कोकणात आणखी एका कामाला लागतो, गोचिडींसाठी. आपल्या घरांत सापडते ती तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि पहिल्या दोन वेळा कुत्र्यावरून खाली उतरून कात टाकते. शेवटी फुगलेली मादी उतरते ती अंडी घालायला, आणि ती हजारोंनी घालते. त्यासाठी तिला हवी असते उबदार, दमट फट. जांभ्याची भिंत, पडवीतला लाकडाचा ढीग, कुत्र्याच्या गोणपाटाखालची जागा, सगळं तिच्या सोयीचं. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त गोचिडी घरात असतात. नुसता कुत्रा धुऊन भागत नाही. गोणपाट उन्हात घाला, फटी लिंपा, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध ठरल्या तारखेला पुन्हा लावा. रॉकेल चोळू नका. त्याने कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध आणूच नका, मांजराला ते विष आहे.

रोज तिन्हीसांजेला पडवीत बसून तांबूच्या कानांत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत मी बोटं फिरवतो. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. बोटांनी चिरडायची नाही. गोचिडीकडून एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार येतात. पहिल्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, दुसऱ्यात तांबड्या पेशी फुटतात. ताप, खाणं सुटणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर रक्त तपासून घ्या. वेळेत कळलं तर दोन्ही बहुधा बरे होतात.

उकाड्याचं गणितही इथे वेगळं आहे. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त तळपायांना. अंग थंड होतं ते धापा टाकून, जीभ आणि श्वासमार्गातलं पाणी वाळून. दमट हवेत पाणी नीट वाळत नाही. म्हणून कोरड्या गावातल्या ३८ अंशांपेक्षा आपल्या किनाऱ्यावरचे ३४ अंश कुत्र्याला जड जाऊ शकतात. मे महिन्यात चाकरमान्यांबरोबर मुंबईहून पग, बुलडॉगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे येतात. त्यांचा श्वासमार्गच आखूड, त्यांना सर्वांत जास्त जपा. फिरवणं सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. तापलेल्या जांभ्यावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवता येत नसेल, तर पंजेही टेकवता येणार नाहीत. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं, ४१ च्या वर जिवावर बेततं. तो झोकांड्या देऊ लागला तर आधी विहिरीचं पाणी अंगभर ओता, वारा घाला, मग डॉक्टरांकडे न्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते.

खाण्यातले धोके थोडक्यात. कांदा-लसणाने तांबड्या रक्तपेशी फुटतात, म्हणून आमटी-कालवणाचा भात नको. आंब्याचा बाठा आतड्यात अडकतो आणि ऑपरेशनची वेळ येते. कच्च्या काजूबीच्या टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं. रापण ओढून झाल्यावर पुळणीवर टाकून दिलेल्या माशांत केंड हा विषारी मासा असेल, तर त्याचं विष मज्जातंतू बंद पाडतं. ते शिजवूनही जात नाही आणि त्यावर उतारा नाही.

पुळणीवर मला आणखी एका जीवाची काळजी असते. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री किनाऱ्यावर येऊन एका घरट्यात शंभरेक अंडी घालतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह ही घरटी जपायला सुरुवात केली, त्यामागे कोल्ह्या-कुत्र्यांनी अंडी उकरणं हेही एक कारण होतं. नोव्हेंबर ते मे कुत्र्याला रात्री पुळणीवर सोडू नका. घरात घेतलेला कुत्रा बिबट्यापासूनही वाचतो.

लशी चुकवू नका. रेबीजची पहिली साधारण तीन महिन्यांनंतर, मग वर्षाने. उंदरांच्या मुतातून भातखाचरांत पसरणारा लेप्टो कुत्र्याला होतो आणि त्याच्याकडून आपल्यालाही होऊ शकतो. त्याची लस दरवर्षी, पावसाआधी. कुठल्याही कुत्र्याने चावा घेतला तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. साबण विषाणूचं स्निग्ध आवरण फोडतो.

आता गणपती. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. घर भरलेलं, ढोल, फटाके, आणि आपला कुत्रा पलंगाखाली थरथरत. पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत नव्या गोष्टी सहज पचतात, तेव्हा लांबून ढोल ऐकवलेला उत्तम. मोठा कुत्रा असेल तर आषाढातच तयारी सुरू करा. मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि त्याच वेळी खाऊ द्यायचा. काही दिवसांनी आवाज किंचित वाढवायचा. मध्येच त्याने खाऊ तोंडात घेणं थांबवलं, तर आवाज जास्त झाला असं समजून एक पायरी मागे यायचं.