गोळी चालू असताना कॅन्सर पुन्हा का उठतो?

“आंगाले गोळीची सवय पडली.” स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरलेला, तरी दीड-दोन वर्षं लेट्रोझोलसारख्या हार्मोन रोखणाऱ्या गोळीवर बरं चाललेलं, आणि मग ती लागू पडेनाशी झाली, की यवतमाळ-वाशिमकडच्या घरांत हे हमखास ऐकू येतं. त्यापाठोपाठ येतं, “तूच मंधात गोळ्या चुकवल्या असशीन.” पहिलं म्हणणं चूक आहे आणि दुसरं बहुतेक वेळा अन्यायाचं. गोळी रोज न चुकता घेणाऱ्या बाईलाही हे होतं.

कापूस पिकवणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजवायला नको. बीटी कपाशी २००२ साली आली, बोंडअळी हटली आणि २०१७ मध्ये गुलाबी अळीनं विदर्भातली बोंडं पोखरून काढली. बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या ठरावीक प्रथिनांना चिकटतं. ज्या थोड्या अळ्यांत ती प्रथिनंच बिघडलेली होती, त्यांना विष चिकटेना. बाकीच्या मेल्या, यांची पिलावळ वाढली.

गाठीतही असंच घडतं. स्तनाच्या बऱ्याच कॅन्सरना वाढायला इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन लागतं. पाळी गेल्यावर ते अंडाशयात जवळपास बनत नाही, पण चरबीत अरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) ते बनवत राहतं. लेट्रोझोलची २.५ मिलिग्रॅमची गोळी या विकरालाच अडवते. इस्ट्रोजेन आटलं की त्यावर जगणाऱ्या पेशी थंडावतात.

पण कोट्यवधी पेशींत एखादीच्या ‘ईएसआर-१’ जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. या जनुकावरून इस्ट्रोजेनला धरणारं ग्राहक प्रथिन बनतं. त्यातल्या ५९५ अमिनो आम्लांपैकी ५३७ व्या जागी टायरोसिनऐवजी सेरिन बसलं, की प्रथिनाचा आकार ‘चालू’ अवस्थेतच अडकून पडतो. मग इस्ट्रोजेन असो-नसो, वाढीचा हुकूम सुटतच राहतो. विकर गोळीनं नीट अडवलेलं असतं, पण या पेशीला त्याची गरजच उरलेली नसते.

पहिल्या गाठीत ‘ईएसआर-१’मधला असा बदल क्वचितच सापडतो. अशी गोळी घेताना आजार पुन्हा वाढलेल्या बायकांत मात्र तो साधारण २० ते ४० टक्के जणींत दिसतो. १९९७ मध्येच तो नोंदला गेला होता, पण त्याचं खरं महत्त्व कळायला २०१३ उजाडलं. ‘पीआयके३सीए’सारख्या इतर जनुकांतल्या बदलांचाही गोळी लागू न पडण्यात हात असू शकतो. शेतात बीटीभोवती साधी कपाशी लावून प्रतिकारक पतंगांचा साध्यांशी संकर घडवता येतो. कॅन्सरच्या पेशींचा संकर होत नाही, त्यामुळे तो उपाय इथे बाद.

म्हणूनच आजार उलटला की पाच वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा रिपोर्ट पुरत नाही. शक्य असेल तर नव्या गाठीचा तुकडा तपासावा लागतो. गाठीतून रक्तात सांडलेल्या डीएनएमध्येही ‘ईएसआर-१’चा बदल शोधता येतो. माझ्या मते नागपूर-सेवाग्रामला उपचाराला जाणाऱ्या प्रत्येक घरानं ही तपासणी स्वतःहून विचारावी, कारण पुढचं औषध तिच्यावर ठरू शकतं. फुलव्हेस्ट्रंटचं इंजेक्शन ग्राहक प्रथिनच नष्ट करतं, पण ५३७ चा बदल असेल तर त्याचाही जोर कमी पडू शकतो. ‘ईएसआर-१’मधल्या अशा बदलांसाठीची इलासेस्ट्रंट ही गोळी अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली. डॉक्टर पुढचं औषध ठरवेपर्यंत चालू गोळी आपल्या मनानं बंद करू नये. ती न जुमानणाऱ्या पेशींसोबत तिला दबणाऱ्याही गाठीत असू शकतात.