तिमगाद की जेमिला? अल्जेरियातल्या दोन रोमन शहरांची गल्लत

ईशान्य अल्जेरियाच्या टूरमध्ये तिमगाद आणि जेमिला ही नावं बहुतेकदा जोडीनेच येतात. परत आल्यावर मात्र कुठला फोटो कुठला, हे सांगताना भलेभले अडखळतात. त्यात त्यांची चूक नाही. दोन्ही शहरं रोमनांनी निवृत्त सैनिकांसाठी वसवली, तीही जवळपास एकाच सुमारास: जेमिला, म्हणजे तेव्हाचं कुइकुल, सम्राट नर्व्हाच्या कारकिर्दीत (इ.स. ९६ ते ९८), आणि तिमगाद त्याच्यानंतरचा सम्राट त्राजन याच्या आज्ञेने इ.स. १०० मध्ये. फोरम (म्हणजे शहराचा मुख्य चौक), थिएटर, स्नानगृहं, कमान हे सगळं दोन्हीकडे आहे. युनेस्कोनेही दोघांना १९८२ मध्येच जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यावर गाइडने दोन्हीकडे तेच ठरलेलं भाषण ऐकवलं, की झालं!

खरा फरक जमिनीचा आहे.

तिमगाद बात्ना शहराजवळ, ओरेस डोंगरांच्या पायथ्याशी, मोकळ्या जागेवर आहे. अडवायला काहीच नसल्यामुळे लष्कराच्या मोजणीदारांनी मनासारखं शहर आखलं: साधारण साडेतीनशे मीटर बाजूचा चौरस, त्यात काटकोनात छेदणारे रस्ते, बुद्धिबळाच्या पटासारखे. वस्ती वाढली तशी ही शिस्त सुटली. नंतरचे मोहल्ले चौकटीबाहेर वाकडेतिकडे पसरले. मुख्य देऊळ, कॅपिटॉल, तेही बाहेरच. आखलेलं शहर आणि वाढलेलं शहर एकाच जागी दिसतं ते इथे, पण त्यासाठी थिएटरच्या वरच्या पायऱ्यांवर चढायला हवं. खालून फिरलात तर नुसते खांब दिसतील.

जेमिला सेतिफ शहराच्या ईशान्येला, सुमारे ९०० मीटर उंचीवर, दोन ओढ्यांमधल्या चिंचोळ्या सोंडेवर आहे. इथे चौरस बसणारच नव्हता. शहर डोंगराच्या कलाने लांबट वाढलं, थिएटर तटाबाहेर उतारावर कोरावं लागलं, आणि जुना फोरम अपुरा पडल्यावर दक्षिणेला दुसरा करावा लागला. त्यामुळे जेमिलात सतत चढउतार आहे. गुडघे कुरकुरत असतील, तर हे आधीच लक्षात घ्या.

फोटो ओळखायची सोपी खूण म्हणजे कमान. तीन दरवाजांची असेल तर तिमगाद. तिला त्राजनची कमान म्हणतात खरं, पण ती बहुधा त्याच्यानंतरची आहे. एकच दरवाजा असेल तर जेमिला. ही कमान सम्राट कॅराकॅलाच्या मानार्थ २१६ मध्ये उभारली. १८३९ मध्ये फ्रान्सच्या राजाचा थोरला मुलगा, ऑर्लेआँचा ड्यूक, हिच्यावर इतका भाळला, की ती उचलून पॅरिसला न्यायचं ठरलं. १८४२ मध्ये बग्गीच्या अपघातात तो गेला आणि बेत बारगळला. कमान वाचली ती अशी.

बारकाव्यांत मी जेमिलाला झुकतं माप देईन, ते तिथल्या बाजारासाठी. कोसिनियस नावाच्या धनिकाने बांधून दिलेल्या या मंडईत दगडी मापांचा ओटा अजून आहे: वेगवेगळ्या आकाराचे खळगे कोरलेले, धान्य किंवा द्रव मोजून घ्यायला. ग्राहक आणि दुकानदार यांची हुज्जत तिथेच मिटत असणार. तिमगादला याच तोडीचं म्हणजे फोरमच्या फरसबंदीवर कोरलेला सोंगट्यांचा पट. त्यावरच्या अक्षरांचा अर्थ: शिकार, स्नान, खेळ, हसणं, हेच जगणं. शेजारीच सार्वजनिक शौचालय आहे, बैठकीच्या हातांवर डॉल्फिन कोरलेलं. गाइड ते हमखास दाखवतो. रोगातियानुस या नागरिकाच्या देणगीतून बांधलेलं ग्रंथालय मात्र घाईत मागे पडतं. ते मुद्दाम मागून घ्या.

मोझेइक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं, पाहायचे तर जेमिलाचं संग्रहालय चुकवू नका. भिंती वरपर्यंत त्यांनीच भरल्यात.

दोन्ही ठिकाणं कॉन्स्टंटाइन शहराहून एकेका दिवसात होतात. क्रम ठरवायची मुभा असेल, तर आधी तिमगाद घ्या. शहर आखायचा नियम कसा होता ते तिथे कळतं, आणि जेमिलात तो कुठे कुठे मोडावा लागला हे मग गाइडने न सांगताही दिसतं.