आखाजीपासून दुकानात फुकट पिशवी मिळणार नाही : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

येत्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, अमळनेरातल्या आपल्या किराणा दुकानात सामानासोबत फुकट पिशवी मिळणार नाही. पातळ कॅरीबॅग २०१८ सालीच बंद झाली. तिच्या जागी आपण रंगीत, कापडासारखी दिसणारी, दोन बंदांची पिशवी देत आलो. आता तीही बंद. घरून थैली आणा, डबा आणा, गोणी आणा. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी दुकानात सुती थैली ठेवली आहे. तिचे वीस रुपये पडतील आणि थैली परत आणली की वीसच्या वीस परत मिळतील.

घाईत असलेल्यांनी एवढेच वाचले तरी चालेल. पुढचा मजकूर ‘असं का?’ आणि ‘मग डाळ कशात नेऊ?’ असे विचारणाऱ्यांसाठी आहे. संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवर एवढे बोलणे होत नाही, म्हणून छापून देत आहोत.

आखाजीच का धरली, असे काहींनी विचारले. खान्देशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल आखाजीला सुटते आणि आखाजीलाच नवे धरतात. नवा व्यवहार सुरू करायला आपल्याकडे हाच दिवस सोयीचा. शिवाय पापड, कुरडया, बिबडे यांची खरेदी तोवर बहुतेक घरांत उरकलेली असते. उडदाची डाळ आणि ज्वारी पंधरा-वीस किलोने नेणाऱ्यांची ऐन हंगामात अडचण होऊ नये, हाही विचार होता.

ती पिशवी कापडाची नाही

बंदांच्या त्या पिशवीला सगळे ‘कापडी’ म्हणतात. ती पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे साखरेची पांढरी गोणी ज्या प्लास्टिकची विणतात त्याच जातीची. फरक इतकाच, की गोणी विणलेली असते आणि ही पिशवी तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवून केलेली असते. उजेडासमोर धरून पाहा, ताणाबाणा दिसणार नाही. खात्री करायची असेल तर कोपऱ्यातून नखाएवढा तुकडा कापून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती कापड वातीसारखे जळते आणि मागे बोटाने चुरगळणारी राख राहते. या पिशवीचा तुकडा आधी आकसतो, मग वितळून थेंब होतो आणि निवल्यावर टणक मणी उरतो. (हे अंगणात करा, धूर घेऊ नका, लहान मुलांना दूर ठेवा.)

कापसाच्या मुलखात राहून आपण प्लास्टिकला कापड म्हणून हातात धरतो, याची गंमत वाटते. पण खरा त्रास पुढे आहे. ही पिशवी गच्चीवर किंवा कुंपणावर उन्हात राहिली की तिचा चुरा पडायला लागतो. आपल्याकडचे वैशाखातले ऊन सगळ्यांना ठाऊक आहे. तो चुरा गोळा करता येत नाही. वाऱ्याने बांधावर जातो, पावसाने गटारात, आणि तिथून बोरी नदीत.

भंगारवाला ती का घेत नाही

‘आम्ही फेकत नाही, भंगारात देतो’ असे पुष्कळजण सांगतात. देत असतील, पण भंगारवाला घेतो का ते पाहा. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्लास्टिकच्या चटया देशभर जातात, आणि जुने प्लास्टिक वितळवून केलेला दाणा त्या धंद्यात चालतो. म्हणजे आपल्या जिल्ह्यात जुन्या प्लास्टिकला गिऱ्हाईक आहे. तुटकी बादली, खुर्ची, फाटकी गोणी किलोवर विकली जाते. कॅरीबॅग विकली जात नाही, कारण किलोभर व्हायला तिचा ढीग वेचावा लागतो, आणि तो ढीगही चिखलाने, तेलाने, भाजीच्या पाण्याने बरबटलेला. धुवायचा खर्च मालाच्या किमतीवर जातो. वेचणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी सुटली पाहिजे. ती बाटली उचलते, पिशवी सोडते. मग ती पिशवी गाय उचलते, आत शिळी पोळी असते म्हणून. गाईच्या पोटात प्लास्टिक पचत नाही आणि सहसा पुढेही सरकत नाही, पहिल्या कप्प्यात साठत जाते. डॉक्टरांना पोट उघडून ते काढावे लागते.

कायदा काय म्हणतो

२६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरात तुंबलेल्या गटारांमधल्या पिशव्यांवर पुष्कळ बोट ठेवले गेले. त्यानंतर राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) जाडी कोण मोजणार, हा प्रश्न तसाच राहिला. २३ मार्च २०१८ च्या राज्याच्या अधिसूचनेने जाडीचा घोळच काढून टाकला: बंदवाली असो की बिनबंदाची, प्लास्टिकची कॅरीबॅग बंद. पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. ही बंदी वापरणाऱ्यालाही लागू आहे, एकट्या दुकानदाराला नाही. दुधाच्या पिशव्या आणि कारखान्यातूनच बंद होऊन येणारी पाकिटे यांची गोष्ट वेगळी, त्यामुळे बिस्किटे, साबण, चहा पूर्वीसारखेच मिळतील.

केंद्राचे नियमही आहेत. पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. ‘जाड पिशवी चालते, मी पेपरात वाचलंय’ असे कोणी म्हणते ते यावरून. पण महाराष्ट्राचा नियम त्याहून कडक आहे आणि आपले दुकान महाराष्ट्रात आहे. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ हेही देशभर बंद झाले, तेव्हा वाढदिवसाच्या सामानात ते मागू नका.

फुकट पिशवीचे म्हणाल तर ती २०११ च्या केंद्राच्या नियमांतच बसत नव्हती. दुकानदाराने पिशवी फुकट देऊ नये असे त्यात स्पष्ट होते. २०१६ च्या नियमांत तर पिशवी ठेवणाऱ्या दुकानदाराने पालिकेकडे नोंदणी करून महिन्याला किमान ४,००० रुपये भरावेत असे कलम आले. किराणा दुकानाच्या नफ्यावर हे परवडणारे नव्हतेच. दोन वर्षांत ते कलम काढले गेले. ‘फुकट’ पिशवीचा खर्च मात्र कोणाच्या तरी खिशातून जातच होता. तो डाळ-साखरेच्या भावात मिसळलेला असायचा, आणि घरून थैली आणणारी मावशीही तो भरायची.

वीस रुपयांचा हिशेब

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० साली एका प्रकरणात सांगितले, की माल निवडून झाल्यावर ऐन बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित प्रथा आहे. पिशवी मिळणार नाही आणि विकतची कितीला, हे ग्राहकाला आत शिरण्याआधी कळले पाहिजे. आम्हाला ते पटते. म्हणून दारावर पाटी लागली आहे आणि हे पत्रक आधीपासून वाटत आहोत. थैलीवर दुकानाचे नाव छापलेले नाही. तुमच्या पैशाने आमची जाहिरात कशाला?

थैली मांजरपाटाची आहे, गावातल्याच बचत गटाच्या ताईंनी शिवलेली. तळाला दुहेरी शिलाई आणि बंद पार तळापर्यंत नेलेले, त्यामुळे वजन बंदाच्या टाक्यावर न येता तळावर येते. पाच किलो डाळ-तांदूळ आणि वर दोन नारळ निर्धास्त न्या. पहिल्या धुण्यात थोडी आटेल, मांजरपाट आटतेच. परत आणताना मळलेली असली तरी चालेल, फाटलेली असेल तर रफू आम्ही करू. फक्त रॉकेल किंवा फवारणीच्या औषधाचा वास येत असेल तर घेणार नाही.

आणि एक गोष्ट सरळ सांगतो: सुती थैली दर खेपेला नवी घेऊन घरात साठवली तर त्यात काहीच मिळवले नाही. कापसाला पाणी, खत आणि फवारणी किती लागते हे खान्देशात कोणाला सांगायला नको. वर्षानुवर्षे वापरली तरच ती परवडते. वीस रुपये ठेवले ते थैली फिरत राहावी म्हणून, त्यात आम्हाला कमाई नाही.

डबा, काटा आणि बारदान

डबा घेऊन येणाऱ्यांची पहिली शंका असते, ‘डब्याचं वजन आमच्या माथी येईल का?’ येणार नाही. मार्केटात धान्याच्या मापात बारदान, म्हणजे रिकाम्या गोणीचे वजन, वजा करतात, तसेच इथे होते, फक्त काटा ते आधीच करून देतो. रिकामा डबा झाकणाशिवाय काट्यावर ठेवायचा. त्याचे वजन दिसेल. मग दुकानातला मुलगा ‘टेअर’चे बटण दाबील आणि आकडा शून्यावर येईल. ते शून्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि मगच माल भरू द्या. भरलेला डबा उचलल्यावर काट्यावर उणे आकडा दिसतो, तो डब्याचा असतो. काटा बिघडला असे समजू नका. वैधमापन खात्याकडून काट्याची दरवर्षी तपासणी होते, प्रमाणपत्र गल्ल्यामागे लावले आहे, केव्हाही पाहा.

डबा कोरडा हवा. धुऊन लगेच आणलेल्या डब्यात बेसनाच्या गुठळ्या होतात, डाळीला बुरशीचा वास येतो आणि बोल आम्हाला लागतो. ज्या डब्यात खोबरे, धणे, दगडफूल ठेवता तो त्यासाठीच ठेवा, त्यात साखर नेलीत तर चहाला काळ्या मसाल्याचा वास येईल. जुने पत्र्याचे डबे आणायला लाजू नका. १९४५ साली वनस्पती तूप करणारी कंपनी याच अमळनेरात निघाली आणि पुढे तीच विप्रो झाली; तेला-तुपाच्या पत्र्याच्या डब्यात धान्य भरून ठेवणाऱ्या घरांचे हे गाव आहे. गंज तेवढा पाहून घ्या.

दोन गोष्टी डब्यात सुट्या मिळणार नाहीत: खाद्यतेल आणि दळलेले मसाले. अन्न सुरक्षेच्या नियमांनुसार दोन्ही पॅकबंदच विकावे लागतात. खडा मसाला सुटा मिळेल.

शेवेचे काय? शेवभाजीची जाड तिखट शेव आपण खाकी कागदाच्या कोऱ्या पुडीत देतो. पेपरच्या रद्दीत देत नाही, कोणी मागितली तरी. छपाईची शाई तेलकट पदार्थात उतरते, त्यात शिशासारखे जड धातू असू शकतात, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये याबद्दल पुन्हा बजावले आहे. तेल झिरपून खाकी पुडी थोडी ओली होते हे मान्य. शेवेसाठी चपटा स्टीलचा डबा आणलात तर शेव मोडणारही नाही.

थैली विसरली तर

‘भाऊ, थैली तं घरच राही गयी’ हे आम्ही रोज ऐकणार, याची तयारी आहे. बिस्किटांची आणि साबणाची रिकामी खोकी दाराशी रचून ठेवतो, लागेल ते न्या, पैसे नाहीत. सुतळीने बांधूनही देऊ. खेड्यावरून एसटीने येणाऱ्यांनी यादी सकाळी देऊन ठेवावी. बाजार करून परत येईपर्यंत माल खोक्यात किंवा तुमच्या गोणीत बांधून तयार असेल. चार-दोन वस्तूंसाठी गमछा, रुमाल, ओढणी काहीही पुढे करा, आम्ही पुडी त्यात ठेवू.

घरपोच महिन्याचा किराणा यापुढे क्रेटमधून येईल. मुलगा क्रेट दारात उतरवील, सामान यादीवरून मोजून घ्या, तुमच्या डब्यांत किंवा टोपल्यात रिकामे करा आणि क्रेट त्याच्याकडेच परत द्या. क्रेट ठेवून घेता येणार नाही, पुढच्या घराचे सामान त्यातच जायचे असते.