बूटलोडर पुनःस्थापन

मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपवरचा छोटा संगणक) बोर्डावरील पुसला गेलेला किंवा बदलला गेलेला मूळ बूटलोडर प्रोग्रामरच्या साह्याने चिपमध्ये परत लिहिण्याची क्रिया. बूटलोडर म्हणजे चिप सुरू होताच चालणारा आणि यूएसबीवरून आलेला वापरकर्त्याचा प्रोग्राम स्मृतीत लिहिणारा छोटा प्रोग्राम; प्रोग्रामर म्हणजे चिपच्या पिनांवरून थेट तिच्यात लिहिणारे उपकरण. मुंबईत कॉलेजच्या प्रयोगशाळांत आणि लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत तिला ‘बूटलोडर टाकणे’ किंवा ‘बर्न करणे’ म्हणतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः एटीमेगा३२८पी ही चिप असलेल्या आर्डुइनो उनो आणि नॅनो या बोर्डांपुरती आहे.

संज्ञा : यातला ‘बूट’ म्हणजे पायातलाच बूट. स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःला वर उचलणे, या अशक्य कृतीवरून इंग्रजी शब्द आला, याबद्दल दुमत नाही. मूळ कुठले, याबद्दल मात्र आहे. जर्मन गप्पिष्ट सरदार म्युन्शहाउझेन याच्याकडे ते पुष्कळदा दिले जाते. पण दलदलीतून वर येताना हा सरदार आपले केस धरून ओढतो, बुटाचे बंद नव्हे. अमेरिकी वृत्तपत्रांत १८३४ च्या सुमारास बुटाच्या बंदांनी स्वतःला नदीपार नेण्याची थट्टा आढळते. तोच उगम अधिक ग्राह्य वाटतो. संगणकाच्या संदर्भात हा शब्द १९५० च्या दशकाच्या आरंभी, आयबीएम ७०१ या यंत्राच्या काळात रुळला असावा. एक छोटा प्रोग्राम आधी आत शिरतो आणि उरलेल्या मोठ्या प्रोग्रामला आत ओढून घेतो, हा अर्थ तेव्हापासून कायम आहे.

काय परत ठेवायचे : पुनःस्थापन म्हणजे एक हेक्स फाइल (प्रोग्रामचा यंत्रकोड असलेली फाइल) चिपमध्ये भरणे, अशी समजूत आहे आणि ती अपुरी आहे. परत ठेवायच्या गोष्टी तीन आहेत : बूटलोडरचा कोड, फ्यूज (चिपचे वागणे ठरवणाऱ्या बिटांचे बाइट, विजेचे फ्यूज नव्हेत) आणि लॉक बिट (स्मृतीच्या भागांत लिहिण्यावर बंदी घालणारी बिटे). एटीमेगा३२८पीची फ्लॅश स्मृती ३२ किलोबाइट असते आणि बूटलोडर तिच्या अगदी शेवटच्या टोकाला बसतो. रीसेटनंतर चिपने स्मृतीच्या आरंभाकडे जायचे की या टोकाकडे, हे हाय फ्यूजमधील एक बिट ठरवते. टोकाचा किती भाग राखून ठेवायचा, हे त्याच फ्यूजमधील दुसरी दोन बिटे ठरवतात. उनोचा हाय फ्यूज षोडशमान पद्धतीत ‘डीई’ असतो, म्हणजे राखीव भाग ५१२ बाइट. जुन्या नॅनोचा ‘डीए’, म्हणजे २,०४८ बाइट. म्हणून उनोवर वापरकर्त्याच्या प्रोग्रामला ३२,२५६ बाइट मिळतात आणि जुन्या नॅनोवर ३०,७२०.

५१२ बाइटांचा बूटलोडर टाकला आणि फ्यूज चुकून ‘डीए’ राहिला, तरी बोर्ड बहुधा चालतो. रीसेटनंतर चिप दीड किलोबाइट अलीकडे उतरते, पण कोऱ्या फ्लॅशमध्ये सगळीकडे ‘एफएफ’ असल्याने काहीही न करता पुढे सरकत बूटलोडरपर्यंत पोहोचते. चूक लपून राहते ती यामुळेच. एक्स्टेंडेड फ्यूज काही ठिकाणी ‘०५’ तर काही ठिकाणी ‘एफडी’ असा छापलेला दिसतो. त्यातली खालची तीनच बिटे प्रत्यक्षात अस्तित्वात असल्याने दोन्हींचा अर्थ एकच होतो : पुरवठा साधारण २.७ व्होल्टच्या खाली गेला की चिप रीसेटमध्ये जाते. फ्यूज वाचताना आणखी एक ध्यानात ठेवावे, की या चिपच्या कुळात ० म्हणजे ‘लागू’ आणि १ म्हणजे ‘लागू नाही’. नवख्यांचे बहुतेक घोटाळे इथे होतात.

‘मूळ’ कोणता : उनोपूर्वीच्या ३२८पी बोर्डांवर २ किलोबाइटचा बूटलोडर असे आणि जुन्या नॅनोवर तो ५७,६०० बॉड (सेकंदाला तितके बिट) वेगाने बोलतो. २०१० मध्ये उनोबरोबर ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर आला. तो ५१२ बाइटांत मावतो आणि १,१५,२०० बॉडने बोलतो. अधिकृत नॅनोवर नवा बूटलोडर जानेवारी २०१८ पासून येऊ लागला, मात्र स्वस्त प्रतिकृतींत जुना त्यानंतरही भेटतो. म्हणूनच नवीन नॅनोवर प्रोग्राम चढेना, ‘नॉट इन सिंक’ हा संदेश दहादा उमटला, तर आधी आर्डुइनो सॉफ्टवेअरच्या मेनूतून ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पाहावे. अशा वेळी दुरुस्तीची गरजच नसते.

जुना होता तर जुनाच परत ठेवावा, असे काही जाणकार मानतात. काहींच्या मते संधी मिळालीच आहे तर ऑप्टिबूटच टाकावा. दुसऱ्या मताला तांत्रिक आधार भक्कम आहे : जुना बूटलोडर वॉचडॉग टाइमरने (प्रोग्राम अडकल्यास चिप आपोआप रीसेट करणाऱ्या घड्याळाने) केलेल्या रीसेटनंतर पुन्हापुन्हा रीसेटच्या फेऱ्यात अडकतो, ऑप्टिबूट अडकत नाही. मात्र प्रयोगशाळेच्या एकाच खोक्यात वीस नॅनो असतील, तर सगळ्यांत एकच बूटलोडर असणे हे कोणता आहे यापेक्षा महत्त्वाचे. बोर्डाच्या पाठीवर कागदी चिकटपट्टी लावून ‘जुना’ वा ‘नवा’ लिहिले, तर विद्यार्थ्याचा अर्धा तास वाचतो.

कारणे : यूएसबीवरून प्रोग्राम चढवताना बूटलोडर पुसला जात नाही. लॉक बिटांमुळे त्या भागात लिहायला बंदी असते. तो जातो तो प्रोग्रामर जोडून थेट प्रोग्राम चढवल्यावर, कारण त्याआधी संपूर्ण चिप पुसली जाते आणि लॉक बिटेही मोकळी होतात. सुटी विकत घेतलेली चिप मुळातच कोरी असते, तीही याच वाटेने तयार करावी लागते.

कृती : यूएसबी-एएसपी हा छोटा प्रोग्रामर किंवा दुसरा चालू उनो पुरतो. उनोत ‘आर्डुइनो आयएसपी’ हा नमुना प्रोग्राम आधी चढवावा, मग त्याच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, ऋण टोक ग्राउंडला. नाहीतर संगणकाने संपर्क साधताच हा उनो स्वतःच रीसेट होतो. त्याच्या ११, १२, १३ या पिना आजारी बोर्डाच्या त्याच क्रमांकांना जोडाव्यात, १० क्रमांकाची पिन त्याच्या रीसेटला, शिवाय ५ व्होल्ट आणि ग्राउंड. बोर्डावर प्रोग्रामरचा सहा पिनांचा कनेक्टर उलटा बसला तर ५ व्होल्ट रीसेटच्या पिनेवर जातात आणि चिप ओळख देत नाही. नीट जोडणी असेल तर ‘१ई ९५ ०एफ’ ही सही, म्हणजे चिपचा ओळखक्रमांक, वाचता येते. ‘१ई ९५ १४’ आली तर चिप ‘पी’ नसलेली ३२८ आहे. कोरी चिप कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर चालत येते आणि प्रोग्रामरचा वेग तिच्या गतीच्या चौथ्या हिश्शाहून कमी लागतो, त्यामुळे सही वाचता न आल्यास आधी वेग उतरवावा. ऑप्टिबूट नीट बसल्यावर रीसेटचे बटण दाबून सोडले, की ‘एल’ अक्षराजवळचा दिवा तीनदा भरभर लुकलुकतो.

मुंबईत : ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा या वस्तूंचा शहरातला जुना बाजार. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव पाटीवरून गेले, बोलण्यातून गेले नाही. इथे नॅनो घेताना चिपवरची अक्षरे भिंगातून वाचून घ्यावीत. एलजीटी८एफ३२८पी ही चिप असलेले बोर्ड वरून नॅनोसारखेच दिसतात, पण या चिपचे प्रोग्रामिंग वेगळ्या पद्धतीने होते आणि वरील कृती तिला लागू पडत नाही. पावसाळ्यात दमट, खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिनांवर गंज धरतो. सही वाचता न येण्याचे ते एक साधे कारण असून पिना पुसून पुन्हा प्रयत्न करणे इष्ट.

मर्यादा : फ्यूज चुकून बाहेरच्या क्रिस्टलवर (चिपला घड्याळाचे ठोके देणाऱ्या घटकावर) नेले आणि क्रिस्टल नसेल, तर चिप गप्प होते. क्रिस्टलच्या पिनेवर बाहेरून घड्याळाचा संकेत दिल्यास ती बोलू लागते. रीसेटची पिन बंद करणारा फ्यूज लागू झाला असेल, तर हा सहा पिनांचा मार्ग खुंटतो आणि रीसेटवर १२ व्होल्ट देणारा उच्चदाब प्रोग्रामर वापरावा लागतो. त्यासाठी चिप बोर्डातून काढणे बरे. ज्या उनोवर ती सॉकेटमध्ये असते तिथे हे सहज जमते, नॅनोवर ती डाखलेली असते.