आठवड्याला एकच गोळी का?

"एवढ्याशा गोळीनं काय होते, अन् तेही हप्त्यातून एकदाच?" वर्धा जिल्ह्यातील एका गावात किशोरींच्या बैठकीत एका आईने हा प्रश्न विचारला, तेव्हा तिच्या तळहातावर शाळेतून मिळालेली लोहाची निळी गोळी होती. मुलीने ती न खाता कंपासपेटीत ठेवली होती आणि पेन्सिलीच्या भुकटीने तिची एक बाजू काळी पडली होती. सरकार गोळ्यांतही काटकसर करते, असा समज गावोगाव आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातील 15 ते 19 वयोगटातील सुमारे 59 टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या; त्यामुळे या आईच्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर मिळायलाच हवे.

प्रौढ शरीरात साधारण 3 ते 4 ग्रॅम लोह असते. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, आणि ती मोडल्यावर तिच्यातील लोह वाया न जाता नव्या पेशीसाठी वापरले जाते. अन्नातून रोज जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम लोहच आत येते. विलक्षण गोष्ट अशी की, जास्तीचे लोह हेतुपुरस्सर बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही, म्हणून सारा बंदोबस्त आत येण्याच्या वाटेवर आहे. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील पेशी लोह आत घेतात. पण ते रक्तात उतरायचे असेल, तर पेशीच्या रक्ताकडील बाजूच्या फेरोपोर्टिन नावाच्या प्रथिनातूनच जावे लागते. यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक सोडते, ते फेरोपोर्टिनला चिकटते, आणि पेशी ते दारच मोडून टाकते. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की काही तासांत हेप्सिडिन वाढते आणि दुसऱ्या दिवशीही चढलेले राहते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतील लोह कमी शोषले जाते. लोहाचा साठा कमी असलेल्या तरुणींवर झुरिचच्या संशोधकांनी केलेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज गोळी घेणाऱ्यांनी सरासरी 16.3 टक्के, तर दिवसाआड घेणाऱ्यांनी 21.8 टक्के लोह शोषले. आतड्याच्या पेशीत अडकून पडलेले लोह ती पेशी तीन ते पाच दिवसांत गळून पडली की तिच्यासोबत निघून जाते. मुळात न शोषलेले लोह आतड्यात राहून मळमळ आणि काळी शौच घडवते, आणि "गोळी उष्ण पडते" ही तक्रार बहुधा तिथूनच येते. प्रतिबंधासाठी आठवड्याला एक गोळी देण्यामागे हे शरीरशास्त्र आहे; रक्तक्षय तपासणीत आढळला, तर उपचाराची मात्रा वेगळी आणि बरीच मोठी असते, ती डॉक्टरांनी ठरवायची.

बिटाचा रस रक्त वाढवतो, ही समजूत मात्र निव्वळ रंगावर उभी आहे. तो रंग बेटालेन या रंगद्रव्याचा आहे, लोहाचा नाही.

हेप्सिडिन वैद्यकीय महाविद्यालयात शिकता येते. पण कापसाच्या वेचणीच्या दिवसांत मुलगी उजाडण्यापूर्वी कोरा चहा पिऊन आईसोबत वावरात जाते, आणि शाळेत आली तर उपाशीपोटी घेतलेली गोळी तिला सोसत नाही, हे गावालाच ठाऊक असते. चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते आणि लिंबू, आवळा, बोर यांतील क जीवनसत्त्व त्याचे शोषण वाढवते. म्हणून गोळी जेवणानंतर, चहापासून तास-दोन तास दूर ठेवून घ्यावी, एवढे सांगणे सोपे आहे. त्या घरात ती वेळ नेमकी कोणती, हे मात्र गावच्या बचत गटातील बाईच सांगू शकते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थानात 1969 पासून गावाकडून शिकण्याचा हा धागा जपला गेला आहे. तिथले नवे विद्यार्थी दत्तक गावात शिबिरासाठी मुक्काम करतात, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवलेली असतात, आणि परिसरातील गावांत किशोरवयीन मुलींचे गट, म्हणजे किशोरी पंचायती, उभ्या राहिल्या आहेत. विद्यापीठाची परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला चुलीपाशी बसून आहार विचारावा लागतो, याचे मोल मला फार वाटते.

विदर्भात याला आणखी एक गाठ आहे. इथला प्रत्येक फिकटपणा लोहाच्या कमतरतेचा नसतो. नागपूर भागातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची नोंद 1958 सालीच शास्त्रीय नियतकालिकात आली होती. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढ्या बदलाने तांबडी पेशी 10 ते 20 दिवसांत मोडते. तिचे लोह बहुतांशी शरीरातच राहते, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात तर ते साठत जाते, कारण बाहेरची वाट नाही. म्हणून अशा रुग्णाला लोह सुरू करण्यापूर्वी साठा तपासावा लागतो. सिकलसेलसाठी आधी विद्राव्यता चाचणी आणि ती सकारात्मक आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी, हा क्रम आहे. चाचणी प्रयोगशाळा करते. पण अहवाल मुलीच्या लग्नाआड येईल या भीतीने घरचे रक्तच देऊ देत नाहीत, तेव्हा दार उघडते ते बचत गटातील ओळखीची बाई गेल्यावर. कुणी या आजाराला बाहेरची बाधा म्हणून गंडा बांधतो, आणि तोवर हातापायांच्या वेदनांचे झटके मूल सोसत राहते.

त्या बैठकीत शेवटी बायांनीच ठरवले की वेचणी संपेपर्यंत गोळी सोमवारी शाळेत नव्हे, रविवारी दुपारी जेवणानंतर घरी द्यायची आणि लिंबाची फोड सोबत ठेवायची. सोबत आलेल्या विद्यार्थिनीने तो बदल वहीत लिहून घेतला, आणि रविवारी कोणत्या घरी गोळी पोहोचली हे पाहण्याचे काम नववीतल्या दोन मुलींनी स्वतःकडे घेतले.